पोटरीला वाढू द्या

आंघोळ झाली की मूल ओल्या पावलांनी बाहेर येतं. फरशीवर उमटलेले ते ठसे एकदा नीट पाहा. टाच, तळव्याची कड, चवडा, बोटं असं अख्खं पाऊल उमटतं, की नुसता चवडा आणि पाच बोटं? स्पॅस्टिक सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आया माझ्याकडे येतात, तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं: "याची टाच टेकतच नाही हो." काहींच्या ते चपलेवरून लक्षात आलेलं असतं. पुढून झिजलेली आणि मागून कोरी करकरीत चप्पल.

त्यामागोमाग प्रश्न येतो, "शीर आखडलीय ना? रोज ओढली तर सुटेल का?"

लहान मुलांची फिजिओथेरपी करताना या प्रश्नाचं उत्तर मला शेकडो वेळा द्यावं लागलं आहे, आणि घाईत ते नेहमी अपुरं राहतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते. या मुलांची पोटरी नुसती आखडलेली नसते, ती वाढायची राहिलेली असते. लांबीनं, जाडीनं आणि ताकदीनंही. आखडलेली वस्तू ओढून सरळ करता येते. वाढायची राहिलेली गोष्ट मात्र वाढवावी लागते, आणि त्याची रीत वेगळी आहे.

हाड पुढे, स्नायू मागे

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात झालेली इजा. ही इजा पुढे वाढत नाही, पण मूल वाढतं आणि त्याबरोबर शरीरावर दिसणारे परिणाम बदलत जातात. या मुलांपैकी दर पाचांत सुमारे चौघांना स्पॅस्टिक प्रकार असतो. त्यात मेंदूकडून येणारा आवर कमी पडतो आणि स्नायू ताठ राहतात.

पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरचा दुपेडी गॅस्ट्रोक्नेमियस मांडीच्या हाडावरून निघतो आणि गुडघा ओलांडून खाली येतो. त्याच्या आतल्या बाजूचा सोलियस गुडघ्याच्या खालून निघतो. पुढे दोघांची मिळून एक जाड कंडरा होते आणि ती टाचेच्या हाडाला चिकटते. एक स्नायू गुडघा ओलांडतो आणि दुसरा ओलांडत नाही, एवढा फरक लक्षात ठेवा. पुढे तो वारंवार लागणार आहे.

मूल उंच होतं तेव्हा नडगीचं हाड लांबतं आणि पोटरीला ताण बसतो. निरोगी स्नायू त्या ताणाला उत्तर म्हणून स्वतःत भर घालतो. स्नायूचा प्रत्येक तंतू म्हणजे सार्कोमिअर नावाच्या हजारो सूक्ष्म कड्यांची साखळी. हाड वाढलं की साखळीच्या टोकांना नव्या कड्या जोडल्या जातात. स्पॅस्टिक स्नायूत हे जोडकाम मंदावतं. ज्या पेशींच्या जोरावर स्नायू वाढतो आणि दुरुस्त होतो, त्यांचं प्रमाणही अशा स्नायूत कमी आढळलं आहे. मग आहेत त्याच कड्या ताणून हाडाची लांबी गाठली जाते. फार ताणलेली कडी जोर लावू शकत नाही. म्हणून ही पोटरी एकाच वेळी घट्टही असते आणि दुबळीही. तिचा मांसल भाग आखूड आणि बारीक राहतो, खालची कंडरा मात्र लांब दिसते.

हे फार लवकर सुरू होतं. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत सोनोग्राफीनं मोजल्यावर गॅस्ट्रोक्नेमियसच्या आतल्या पेडाचं आकारमान इतर मुलांपेक्षा सुमारे पाचव्या हिश्शानं कमी भरलं होतं. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात हा फरक १५ महिन्यांच्या वयातच दिसला, म्हणजे बरीच मुलं धड चालायला लागण्याआधी. आईनं मालिश कमी केली किंवा आजीनं पाय नीट बांधले नाहीत, म्हणून हे होत नाही. स्वतःला दोष देणाऱ्या आया मी रोज पाहते. हे वाक्य त्यांच्यासाठी आहे.

दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या सांध्यांची नियमित मोजणी करणारा एक उपक्रम चालू आहे. सीपीयूपी या नावानं तो आता देशभर चालतो. त्याच्या नोंदींत असं आढळलं की पोटरीतला ताठरपणा साधारण चौथ्या वर्षापर्यंत वाढतो आणि नंतर बाराव्या वर्षापर्यंत हळूहळू उतरतो. घोट्याची हालचाल मात्र वयाबरोबर कमीच होत जाते. म्हणजे ताठरपणा उतरला तरी पाय बांधलेला राहतो, कारण तोवर स्नायू हाडाच्या मागे पडलेला असतो. म्हणून फक्त ताठरपणा कमी करण्यावर भिस्त ठेवून चालत नाही.

एक वही करा

बहुतेक घरांत मुलांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खुणावतात. तीच सवय घोट्यासाठी लावा. दर तीन महिन्यांनी, उंची मोजाल त्याच दिवशी, एका वहीत पुढच्या गोष्टी लिहा.

• गुडघा सरळ असताना पाऊल नडगीकडे किती वर येतं आणि गुडघा वाकवल्यावर किती. अंशांतलं माप फिजिओथेरपिस्टकडून कोनमापकानं घ्या. गुडघा वाकवल्यावर पाऊल सहज वर येत असेल आणि सरळ केल्यावर अडत असेल, तर अडचण मुख्यतः गुडघा ओलांडणाऱ्या गॅस्ट्रोक्नेमियसची आहे. दोन्ही वेळा अडत असेल तर सोलियसही आखूड आहे.

• मूल चालत असेल तर अनवाणी चालताना बाजूनं घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. टाच आधी टेकते की चवडा? गुडघा पुढे वाकतो की मागे जातो?

• एका पायावर, भिंतीचा आधार घेऊन, टाच सलग किती वेळा उचलता येते.

• चप्पल-बूट कुठे झिजले, स्प्लिंट कुठे रुततं, पाय दुखल्याची तक्रार आहे का.

चालण्यासाठी गुडघा सरळ असताना पाऊल काटकोनाच्या वर साधारण १० अंश यायला हवं. काटकोनापर्यंतच पोचत असेल, किंवा दोन नोंदींत माप घसरत असेल, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. उंची झपाट्यानं वाढते त्या काळात, विशेषतः वयात येताना, नोंदी दर महिन्याला करा. हाड तेव्हा धावत असतं आणि स्नायू आणखी मागे पडतो.

ताण: मिनिटांचा नव्हे, तासांचा

सकाळी दहा मिनिटं पाय ओढले की कर्तव्य पार पडलं, अशी बऱ्याच घरांत समजूत असते. फ्रान्समध्ये टार्ड्यू यांच्या गटानं १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिवसातून किमान सहा तास सोलियस ताणलेला राहिला त्या मुलांत तो आखडत गेला नाही. दोनच तास राहिला त्यांच्यात आखडत गेला. त्यानंतर अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावरही, काही आठवडे किंवा महिने नुसते हातानं ताण दिल्यानं सांध्याच्या हालचालीत फारसा फरक पडत नाही, असंच दिसलं आहे.

सहा तास हातानं पाय धरून कोणी बसू शकत नाही. ते तास दिवसभरात विखरून मिळवायचे असतात.

पाऊल काटकोनात धरणारं एएफओ स्प्लिंट शाळेच्या वेळात घातलं की चार-पाच तास तिथेच होतात. घरी पुस्तक किंवा टीव्ही पाहताना स्प्लिंट घालून, पाठ भिंतीला टेकवून, पाय पसरून बसवा. गुडघे सरळ असल्यानं गॅस्ट्रोक्नेमियस ताणला जातो. खुर्चीवर बसताना पायाखाली योग्य उंचीचा पाट ठेवा, म्हणजे टाच अधांतरी राहणार नाही. ओट्याजवळ उभं राहून मटार सोलायचे असतील तर पायाखाली पुढून उंच, मागून उतरती फळी ठेवता येते.

आपल्याकडे उकिडवं बसण्याची सवय आहे, आणि टाच टेकवून उकिडवं बसणं सोलियससाठी फार चांगलं. पण त्यात गुडघा पूर्ण वाकलेला असतो. म्हणून "तो उकिडवा छान बसतो, म्हणजे पोटरी ठीक आहे" असा निष्कर्ष काढू नका. त्या बैठकीत गॅस्ट्रोक्नेमियसची परीक्षाच होत नाही.

हातानं ताण द्यायचा तर पकड नीट हवी. मुलाचा गुडघा सरळ ठेवा. टाच तुमच्या तळहातात वाटीसारखी धरा, ती आत किंवा बाहेर कलू देऊ नका. तुमचा मनगटापासून कोपरापर्यंतचा हात मुलाच्या तळपायाला टेकवा. टाच खाली ओढत, हातानं पाऊल हळूहळू वर न्या, अर्धा ते एक मिनिट थांबा. चवडा धरून पाऊल वर ढकलू नका. त्यानं टाच जागची हलत नाही, पाऊल मध्येच मोडतं आणि काही वर्षांत तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो. पाऊल काटकोनात दिसत असतं, पण पोटरीला ताण मिळालेलाच नसतो.

तेलाच्या मालिशीबद्दल नेहमी विचारलं जातं. हलक्या हातानं केलेली मालिश मुलाला शांत करते, आई-आजीचा स्पर्श मिळतो, जरूर करा. तिनं पोटरी लांबत नाही, एवढं मनात असू द्या. झटके देऊन पाय ओढणाऱ्याच्या हाती मात्र मूल देऊ नका. झटक्यानं स्पॅस्टिक स्नायू उलट जास्त ताठरतो.

स्प्लिंट काढल्यावर त्वचेवर उमटलेला लाल वण अर्ध्या तासात गेला नाही, तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्या. पावसाळ्यात दमट हवेमुळे त्वचा लवकर सोलते, म्हणून सुती मोजे दिवसातून दोनदा बदला. रात्रीच्या स्प्लिंटनं मुलाची झोप मोडत असेल तर फिजिओथेरपिस्टशी बोलून दुसरी वेळ शोधा. झोपही वाढीचाच भाग आहे.

ताकद: ज्याला काम, तोच वाढतो

स्पॅस्टिक स्नायूला व्यायाम दिला तर तो आणखी ताठ होतो, असं पूर्वी सांगितलं जायचं. अजूनही काही ठिकाणी सांगतात. मोजून पाहिल्यावर तसं आढळलेलं नाही. २००९ साली इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, टाच उचलण्याचे व्यायाम दहा आठवडे केल्यावर स्पॅस्टिक मुलांच्या पोटरीचं आकारमान खरोखर वाढलं. आमच्या कामात यापेक्षा आशेची गोष्ट थोडीच असेल. वाढायची राहिलेली पोटरी वाढू शकते.

एक शंका हमखास येते: "त्याची टाच आधीच वर असते, आणि तुम्ही पुन्हा टाच उचलायलाच शिकवता?" शंका रास्त आहे. उत्तर असं, की चवड्यावर चालणं म्हणजे बळकट पोटरी नव्हे. ती आखूड जागेत अडकलेली असते. आपल्याला तिला पूर्ण लांबीत जोर लावायला शिकवायचं आहे. म्हणून सुरुवात नेहमी टाच टेकलेल्या अवस्थेतून करायची, वर जायचं आणि खाली येताना सावकाश, तीनपर्यंत मोजत यायचं. हे सावकाश उतरणं सर्वांत मोलाचं. ते जमलं की पायरीच्या कडेला चवडा ठेवून, कठडा धरून, टाच पायरीच्या खाली जाऊ द्यायची आणि मग उचलायची.

व्यायामाचं प्रमाण असं ठेवा. आठवड्यातून दोन ते चार दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. एका खेपेस ६ ते १५ वेळा, अशा एक ते तीन खेपा. शेवटच्या दोन-तीन वेळा मुलाला खरंच जड गेल्या पाहिजेत. १५ वेळा हसत-खेळत होत असेल तर भार वाढवा: दोन पायांऐवजी एक पाय, किंवा पाठीवरच्या दप्तरात एक-दोन पुस्तकं. हे किमान १२ ते १६ आठवडे सलग चालायला हवं. दोन आठवड्यांत काही दिसलं नाही म्हणून थांबू नका.

लहान मुलाला "टाच उचल" म्हटलं की कंटाळा येतो, त्याला निमित्त द्या. भिंतीवर उंच चिकटवलेली चित्रं काढायला लावा. अंगणात ठिकरी मांडा, जमत असेल त्याला लंगडी खेळू द्या. टेकाडाची चढण चढताना पोटरी ताणलीही जाते आणि कामही करते, तेव्हा देवळाची टेकडी, गच्चीचा रॅम्प, समुद्राची वाळू, जे जवळ असेल ते वापरा. तीनचाकी सायकल फार चांगली. या वेळी शक्यतो स्प्लिंट काढून ठेवा, कारण कडक स्प्लिंटमध्ये पोटरीला काम उरत नाही. स्प्लिंटचे तास लांबीचे, अनवाणी तास ताकदीचे. दोन्ही हवेत.

ताटाकडेही लक्ष द्या. चावायला-गिळायला त्रास असलेली मुलं बऱ्याचदा पेज आणि चहा-बिस्किटावर राहतात. त्यातून स्नायू बनत नाही. मऊ वरण, मुगाचं धिरडं, अंडं, दही, दाण्याचं कूट घातलेली खीर, नाचणीचं सत्त्व असं रोज काहीतरी जाऊ द्या. वजन वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखवा आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

इंजेक्शन, प्लास्टर, शस्त्रक्रिया

बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप तात्पुरता अडवतं. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो. पण निरोप अडला की स्नायू काही काळ रोडावतोही. आधीच लहान असलेल्या पोटरीच्या बाबतीत याचा विचार व्हायला हवा. इंजेक्शन म्हणजे मिळालेली मुदत. त्या महिन्यांत स्प्लिंट, व्यायाम आणि चालण्याचा सराव होणार नसेल, तर मुदत वाया जाते. पुन्हापुन्हा, ठरल्याप्रमाणे दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेण्याआधी वही उघडा आणि मागच्या वेळी काय मिळालं ते पाहा.

गुडघ्याखाली घातलेली प्लास्टरं दर एक-दोन आठवड्यांनी बदलत, तीन ते सहा आठवड्यांत घोटा थोडाथोडा वर आणता येतो. प्लास्टरच्या काळात पोटरी अशक्त होते, म्हणून ते निघालं की लगेच ताकदीचे व्यायाम सुरू करायचे.

शस्त्रक्रियेत घाई आणि उशीर दोन्ही महाग पडतात. सहा-सात वर्षांच्या आत टाचेची कंडरा लांबवली, तर पुढच्या वाढीत ती पुन्हा आखडण्याचा संभव जास्त असतो. आणि दोन्ही पाय बाधित असलेल्या मुलात ती गरजेपेक्षा जास्त लांबवली गेली, तर पोटरी शरीराचं वजन पेलू शकत नाही. मूल गुडघे वाकवून, खचल्यासारखं चालू लागतं, आणि ते दुरुस्त करणं चवड्यावरचं चालणं दुरुस्त करण्यापेक्षा कठीण असतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी न संकोचता विचारा:

१. अडचण कोणत्या स्नायूची आहे, गॅस्ट्रोक्नेमियसची की दोन्हींची?
२. कंडरा लांबवणार की फक्त वरचा स्नायू सैल करणार?
३. मांडी, गुडघा, खुबा यांचंही काही करायचं असेल तर ते एकाच वेळी होईल का?
४. नंतरच्या वर्षभराच्या व्यायामाची जबाबदारी कोण घेणार?

स्टेम सेलच्या जाहिरातींपासून जपा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर हा उपचार रीतसर संशोधनाबाहेर पैसे घेऊन देता येत नाही. दागिने गहाण ठेवून गेलेली घरं मी पाहिली आहेत. त्या पैशांत वर्षानुवर्षांची फिजिओथेरपी झाली असती.

जे चालत नाहीत, त्यांच्यासाठीही

काही मुलं चालणार नाहीत. त्यांच्या पोटरीकडे दुर्लक्ष करायचं असा त्याचा अर्थ नाही. टाच टेकली तर उभं राहण्याच्या चौकटीत उभं करता येतं, खुर्चीवरून पलंगावर नेताना मूल पायावर थोडा भार घेऊ शकतं, बूट चढवताना रडत नाही. आईच्या पाठीवर येणारा भारही त्यानं हलका होतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानं रोज पाऊण ते एक तास चौकटीत उभं करा. या मुलांत खुबा सरकण्याचा धोका जास्त असतो, म्हणून खुब्याचे एक्स-रे ठरल्या वेळी काढा, चुकवू नका.

मदत कुठे मिळते

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीची पथकं येतात, आणि जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी मोफत मिळते. सेरेब्रल पाल्सी हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे ओळखपत्र काढून घ्या. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचाही समावेश आहे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे स्प्लिंटही बनवून मिळतात. डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत सुरू केलेली स्पॅस्टिक्स सोसायटी आज अडॅप्ट या नावानं शिक्षण आणि थेरपी दोन्हींचं काम करते.

शेवटी एक विनंती. वहीच्या पहिल्या पानावर अंश लिहू नका. मुलाला काय करायचं आहे ते विचारून, त्याच्याच शब्दांत लिहा. एकाला शाळेच्या रांगेत न पडता उभं राहायचं असेल, एकीला ताईसारखी पट्ट्याची सँडल घालायची असेल. सहा महिन्यांनी मापं तपासताना आधी ते पान उघडा. अंश दोननं वाढले आणि सँडल अजून पायात येत नसेल, तर योजना बदला. अंश तेवढेच राहिले, पण मूल प्रार्थना संपेपर्यंत रांगेत उभं राहिलं, तर पोटरी वाढते आहे. तसंच चालू ठेवा.